पन्नासचं भिंग

द्राक्षं पिळून झाली की
तेलावीत लग्नं सुरू होतात.
माझ्या जुन्या कॅमेऱ्यानं अकरा हंगाम काढले,
शेवटी शेवटी शटर दमेकऱ्यासारखं खोकायचं,
नेमकं शपथेच्या वेळी.
तो विकला. नवा घेतला, फुल फ्रेम.
पैसे तिथंच संपले.
नुसता देह. डोळा नाही.

तिबिलिसीच्या मिनीबसमध्ये
मांडीवर वही, वहीत आकडे:
पस्तीस, पंच्याऐंशी, चोवीस ते सत्तर.
खोडलेले, परत लिहिलेले.
शेजारच्या बाईला वाटलं लॉटरी.
म्हणाली, लागला तर मलाही सांग गं.

जुनी दोन भिंगं नव्यावर बसतात,
पण चित्राभोवती काळं कडं पडतं,
विहिरीच्या तळातून
आभाळ बघावं तसं.
शनिवारी थेकलेचं लग्न.
विहिरीतून कसं बघू?

बोंदोचं दुकान तीन पायऱ्या खाली.
तो भिंगं विकत नाही,
स्थळं दाखवतो.
"हे पंच्याऐंशी बघ, खातुना. जर्मनीहून परत आलंय.
अंगानं जड, स्वभावानं शांत.
मागचं सगळं विरघळवून टाकतं."

मागचं सगळं विरघळवून टाकणारा
एक मला मिळाला होता.
सहा वर्षं.
त्याच्या आईच्या फोटोंत मी अजून
पाठीमागचा पिवळा ठिपका आहे.

"मग हा चोवीस-सत्तर. घरजावई.
सांगशील ते करतो,
चर्चच्या अंधारात मात्र डोळे मिचकावतो."

"आणि पस्तीस?"
बोंदो गप्प. चहात साखर ढवळत राहिला.
पस्तीसला जवळ जावं लागतं,
हे त्यालाही माहीत, मलाही.
अकरा वर्षं मी लग्नं
खांबाआडून बघितली.
जवळ गेलं की माणसं सावरून बसतात,
पोट आत घेतात,
रडू गिळतात.

"पिशवीत तळाला काय आहे?"
काही नाही. एक जुनं पन्नास.
प्लास्टिकचं, साठ लारीचं,
पहिल्या वर्षी घेतलेलं.
घरात लावलं की माझी पाठ भिंतीला टेकायची
तरी वरपक्ष मावायचा नाही.
म्हणून पडून होतं
मोज्यात गुंडाळून.

त्यानं मोजा काढला, फुंकर मारली,
नव्या देहावर फिरवून बसवलं. टक्.
कॅमेरा माझ्याकडे दिला.
"बघ."

दुकानाची दोन्ही कपाटं दिसली.
पायऱ्या दिसल्या, पायरीवर झोपलेलं कुत्रं,
बोंदोचा चहा, चहावरची माशी.
आणि पाठ
भिंतीला टेकली नव्हती.
भिंग फुटलं म्हणतात ना,
तसंच काहीसं झालं,
काचेला तडा न जाता.
हे पहिल्यापासून पन्नासच होतं.
चारी बाजूंनी कातरून
मीच त्याला आखूड म्हणत आले.

शनिवारी चर्चमध्ये फ्लॅशला बंदी,
खिडक्या मुठीएवढ्या,
उजेड काय तो मेणबत्त्यांचा.
मुकुट डोक्यावर आले, मी बटण दाबलं.
मधोमध थेकले, जशी हवी तशी.
डाव्या कोपऱ्यात तिची मोठी बहीण,
बिनलग्नाची,
जिच्याविषयी कुणी काही बोलत नाही ती:
एक बूट काढलेला,
गार फरशीवरून उचललेलं पाऊल
दुसऱ्या पावलावर ठेवलेलं,
हातातल्या मेणबत्तीचं मेण
मनगटावर ओघळतंय
आणि तिला पत्ताच नाही.
जुन्या कॅमेऱ्यात
ती खांद्याशी कापली गेली असती.

आई फोटो बघायला आली. छान म्हणाली.
मग बोट कोपऱ्यावर.
"एवढं कापता येईल का?"
येतं, म्हटलं.
"मग?"
मग मी मुख्य जेवणाचे फोटो दाखवले,
तलवारींची कमान, नाचणारे काका.
तो मात्र तसाच छापला,
कडेपासून कडेपर्यंत.

पस्तीस शेवटी घेतलंच, हप्त्यावर.
मार्चपर्यंत फिटेल.
काल खांबाआडून निघाले,
चार पावलं गेले,
पाचव्याला नवरीच्या बापानं वर बघितलं.
फोटो हलला.